टाचेमागची शीर

मी फार बोलणारा माणूस नाही. कुपवाडच्या फौंड्रीत अठ्ठावीस वर्षं काढली, तिथल्या आवाजात बोलायची सवयच मोडते, असं मी लोकांना सांगत आलो. ते खोटं आहे. मी पहिल्यापासूनच असा. जे बोलायला जड जाईल ते गिळायचं आणि कामाला लागायचं. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात. माझी नात सात वर्षांची आहे, दुसरीत जाते, आणि तिच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या साठीच्या माणसासारख्या झाल्यात. हे टाळणं एका माणसाच्या हातात होतं. तो मी.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात. घरटी एक माणूस पलटणीत, माझे वडील, आमचे तात्या, तेही होते. आमच्या घराण्याची एक खूण होती, टाचेमागची शीर. इतरांची ती करंगळीएवढी असते. आमच्यात अंगठ्याहून जाड, कासऱ्यासारखी. वडील ओट्यावर पाय सोडून बसायचे आणि ती शीर चिमटीत धरून पाहुण्यांना दाखवायचे. ‘ही हाय म्हनून आपून पळतो. पलटणीची शीर हाय ही.’ पै-पाहुण्यांत लग्न ठरताना टाच बघितली जायची. हसण्यावारी, पण बघितली जायची. बाहेरची सून आणली की शीर बारीक होते असं जुन्या बायका म्हणायच्या, म्हणून होता होईल तो मामाची मुलगी आत्याच्या मुलाला.

माझी बायको तेवढी बाहेरची, इस्लामपूरकडची. लग्नात ती माप ओलांडून आत आली तेव्हा माझी थोरली बहीण, आमची आक्का, तिच्या पायांकडं बघून म्हणाली, ‘आगं बया, ही बगळ्याची पावलं कुठनं आनली रं तू?’ सगळं घर हसलं. बायकोही हसली. पुढं कित्येक वर्षं ती आमच्याकडं ‘बगळी’च राहिली.

वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. शेतातून आले, बुटाची नाडी सोडायला वाकले आणि तसेच पुढं पडले. चुलते त्याहून लवकर गेले, उसाला पाणी देताना. गाव म्हणालं, फौजी माणसं, अंथरुणाला खिळली नाहीत, नशीब लागतं. आम्हीही तेच म्हणत होतो. त्यातही एक ऐट होती.

मी चव्वेचाळीस वर्षांचा असताना कारखान्यात सगळ्यांची रक्ततपासणी झाली. मी अंगानं काडी. मटण महिन्यातून एखादं, तूप तर पोळीला पुसल्यासारखं. तरी माझ्या एकट्याच्या कागदावर लाल खूण आली. सांगलीच्या डॉक्टरांनी कागद पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाले, ‘पायातलं काढा.’ त्यांनी माझी शीर चिमटीत धरली.

‘घरात आणखी कुणाची आहे अशी?’

‘सगळ्यांची,’ मी म्हणालो. मला वाटलं कौतुकच करतायत. ‘वडिलांची, चुलत्यांची, आमच्या आक्काची. आमची खूणच आहे ती.’

त्यांनी शीर सोडली. ‘अहो, ही ताकद नाही. ही चरबी आहे. रक्तात मावेना म्हणून शिरेत साठलीय.’

मग त्यांनी मला समजेल अशा बेतानं सांगितलं. रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून आत घ्यायला यकृताला जणू हात असतात. काही घराण्यांत ते हात तयार करायची जी आज्ञा अंगात असते, तिच्यातच जन्मापासून चूक असते. आईकडून एक प्रत येते, बापाकडून एक. एक चुकीची असली तर निम्मेच हात तयार होतात, तुमच्यासारखे. खाण्यापिण्याशी त्याचा फार संबंध नाही. रोज एक गोळी घ्या, जन्मभर. बहिणीला, तिच्या मुलांना, तुमच्या मुलीला घेऊन या.

मी उठलो, तेव्हा त्यांनी आणखी एक विचारलं. ‘तुमच्यात मामाच्या मुलीशी लग्न करतात ना?’

‘करतात.’

‘मग आधी दोघांचं रक्त बघा. दोघांत ही चूक असली तर होणाऱ्या प्रत्येक मुलामागं चारात एक शक्यता असते, की त्याला दोन्हीकडून चुकीचीच प्रत मिळेल. त्या लेकराला हातच नसतात. त्याचं लहानपणीच अवघड होतं.’

माझ्या मुलीची आणि आक्काच्या मुलाची सुपारी फुटून तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

त्यानंतर मी जे केलं ते क्रमानं लिहितो. मुलीला ‘लग्नाआधी हिमोग्लोबिन बघून घेऊ’ म्हणून सांगलीत लॅबमध्ये नेलं. रिपोर्ट मी एकटाच आणायला गेलो. कोलेस्टेरॉल तीनशे बारा, दोनशेच्या आत हवं होतं. बस स्टँडवर उभा राहून तो कागद मी चार वेळा वाचला, दुसऱ्या दिवशी कामावर नेला आणि भट्टीत टाकला. माझी गोळी सुरू केली. पाकीट कारखान्यातल्या कपाटात, हातमोज्यांच्या खाली. सुट्टीच्या दिवसासाठी दोन-चार गोळ्या घरी आणायचो, त्या बायकोनं पाहिल्या तर पित्ताच्या म्हणून सांगितलं. भाच्याचं रक्त तपासलं नाही. तपासलं नाही तर ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणता येतं, एवढी अक्कल मला होती.

का? याची उत्तरं माझ्याजवळ पुष्कळ होती. आक्का विधवा, एकुलत्या एका मुलासाठी तिनं हे स्थळ माझ्या मुलीच्या जन्मापासून धरून ठेवलेलं. तिला काय सांगायचं, आपल्या घरात खोट आहे? वडील मर्दासारखे गेले असं म्हणतो ते खरं नव्हतं, त्यांना आजार होता? आणि हे बाहेर फुटलं तर माझ्या मुलीला दुसरं कोण करून घेणार? एकदा, फक्त एकदा, मी जेवताना मुलीला म्हणालो, ‘इस्लामपूरच्या मास्तरांचं स्थळ आलंय, बघू या का?’ ती लाजून म्हणाली, ‘आप्पा, मला आत्याकडंच द्या.’ मी पुढं बोललो नाही. मला सुटल्यासारखं झालं. चारात एक म्हणजे तीन भाग तर चांगलेच की, असं मी मनाशी घोकत होतो. मशीनवर उभा असताना घोकत होतो, जेवताना घोकत होतो.

लग्न आक्काच्या गावी, साताऱ्याला झालं. कन्यादानाला नवऱ्या मुलाचे पाय धुतात. भाचा पाटावर बसला, पाय परातीत. बायको तांब्यानं पाण्याची धार सोडत होती, मी पाय चोळत होतो. मी नुसतं वरवर करतोय हे बघून भटजी म्हणाले, ‘मामा, भाचा आहे म्हणून चुकवू नका, टाचाही धुवा!’ मंडपात हशा झाला. माझा हात मागं गेला. शीर चिमटीत आली. जाड, टणक, मध्येच एक गाठ. डॉक्टरांनी माझी धरली होती तशीच मी ती धरली, आणि मला कळलं. तपासणीची गरज उरली नाही.

समोर माझी मुलगी मान खाली घालून बसली होती. मला एवढंच म्हणायचं होतं, की जरा थांबा. मी दुसरा पाय धुतला. पंच्यानं दोन्ही पाय पुसले. आक्का वाकून माझ्या कानाशी म्हणाली, ‘बघितलास का, टाच कशी हाय माझ्या लेकाची? आपल्या तात्यांची टाच!’ मी मान हलवली.

वर्षभरानं नात झाली. गोरी, हसरी. मी बारशाला तिचं सगळं अंग न्याहाळून पाहिलं, काही नव्हतं. मी देवाला नारळ फोडला. तीन भागांतली निघाली असं धरून मी चार वर्षं बरा झोपलो.

पाचव्या वर्षी ती मे महिन्याच्या सुट्टीला आमच्याकडं कुपवाडला आली. आल्या आल्या फ्रॉक वर करून म्हणाली, ‘आबा, माझे बेदाणे बघा!’ दोन्ही गुडघ्यांवर पिवळसर, चपटे दाणे. कोपरांवर, बोटांच्या पेरांवर पण. सांगलीच्या बाजारात पसरलेले असतात तसे हुबेहूब बेदाणे. ती ते मोजून दाखवत होती.

आक्का सोडायला आली होती. ‘चामखिळी हाईत रं,’ ती म्हणाली. ‘घोड्याचा केस बांधला, चुना लावला. गळत न्हाईत. कातड्याच्या डाक्टरनं दोन काढल्या, पुन्ना आल्या. मोठी झाली की जात्याल.’

मला त्या क्षणी सगळं माहीत होतं. मी म्हणालो, ‘जातील.’

यापुढचं मी इथंच पहिल्यांदा सांगतोय. त्या सुट्टीत चार दिवस मी माझ्या गोळीचा अर्धा तुकडा कुटून पोरीला श्रीखंडातून दिला. न बोलता हे निस्तरता येईल असं मला वाटलं. पाचव्या दिवशी तिला उलटी झाली, ती उन्हाची असेल किंवा कशाची असेल, मी घाबरलो आणि थांबलो. सुट्टी संपली, ती साताऱ्याला गेली. मी आणखी दीड वर्ष गप्प बसलो. रोज ठरवायचो, रविवारी जाऊन सांगू. रविवारी जायचो, चहा प्यायचो, पोरीचे दाणे वाढलेले बघायचो आणि परतीची एसटी धरायचो.

मागच्या वर्षी ती शाळेत कवायत करताना छाती धरून खाली बसली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. कागदावर जी मर्यादा छापलेली असते तिच्या पाचपट आकडा. त्यांनी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या डॉक्टरबाईंनी सगळ्यांचं रक्त घेतलं. मी मात्र कारखान्याचं निमित्त सांगून तेव्हाही टाळलं. जनुकाची तपासणी झाली. नवरा-बायको दोघांत एकच चूक, एकाच जागी. बाई म्हणाल्या, ही एकाच पूर्वजाकडून दोन वाटांनी आलेली आहे. त्यांनी कागदावर गोल आणि चौकोन काढून वंशावळ मांडली. माझ्या वडिलांच्या चौकोनापासून दोन रेघा खाली आल्या होत्या, एक माझ्यातून, एक आक्कातून, आणि दोन्ही पोरीच्या गोलात जाऊन मिळाल्या होत्या.

औषधं सुरू झाली, फारसा उपयोग झाला नाही. दर पंधरा दिवसांनी रक्त मशीनमधून गाळून घ्यायचं सुरू झालं. पोर चार-चार तास पडून राहते. शेवटी बाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. मुलगी, जावई, मी आणि बायको. ‘हिला नवीन यकृत लागेल. तेही हृदय अजून साथ देतंय तोवर. नात्यातला कुणी तुकडा देऊ शकतो. आई-वडिलांचं नको, दोघांत दोष आहे.’

‘माझं घ्या,’ मी म्हणालो. इतक्या लगेच म्हणालो की सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. खरं सांगतो, तेव्हा मला आनंद झाला होता. पोट फाडून घ्यायचं आणि न बोलता मोकळं व्हायचं.

‘रेघ तुमच्यातून गेलीय, चालणं कठीण आहे. तरी नोंद करू,’ म्हणत बाईंनी फॉर्म पुढं ओढला. ‘कुठली गोळी रोज चालू आहे?’

मी बोलायच्या आत बायकोच म्हणाली, ‘पित्ताची घेत्यात की. लय वर्सं झाली.’

‘नाव काय गोळीचं?’

मी नाव सांगितलं. बाईंचं पेन थांबलं. ‘ही पित्ताची नाही.’

‘नाही.’

‘किती वर्षं घेताय?’

‘नऊ.’

बाईंनी फॉर्म मिटला. त्या शांतपणे म्हणाल्या की तुमचं यकृत हिला चालणार नाही, जे बदलायचं तेच तुमच्यात आहे. जावई एवढंच म्हणाला, ‘मामा?’ मुलगी मनातल्या मनात हिशेब करत होती. बाहेर आल्यावर तिनं मला बाजूला घेतलं. ‘आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली. तुमाला फक्त तुमचं कळलं होतं ना? आमचं न्हवतं म्हाईत?’

तिनं मला वाट करून दिली होती. ‘व्हय,’ मी म्हणालो. ‘फक्त माझं.’

तिसऱ्या दिवशी डबा भरताना बायको म्हणाली, ‘नऊ वर्सं तुमच्या पित्ताला सोसंल म्हनून मी घरात मिरची कमी केली. मला अळणी खायाची सवय लागली. आवं, एवढं तरी सांगायचं.’ आणि तिनं त्या दिवशी भाजीत मूठभर तिखट घातलं.

तपासण्या तिच्या झाल्या. कोलेस्टेरॉल स्वच्छ, रक्तगट जुळला, यकृताचा आकार योग्य. घरात एकटी तीच. आक्का ऐकून ढसाढसा रडली, तर बायको तिला फोनवर म्हणाली, ‘रडता कशाला वन्सं? बगळीचं काळीज लागलं बघा शेवटी तुमाला!’ आक्का रडता रडता हसली. मी शेजारच्या खोलीत होतो. मला हसताही येईना.

ऑपरेशनआधी सरकारी नियमानुसार एक मुलाखत होते, तिचं चित्रीकरण करतात. ती सोमवारी होती. आदल्या दिवशी पोर मशीनवर होती आणि मुलगी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चहा पुढ्यात घेऊन बसली होती. मी जाऊन समोर बसलो. ती बोलायला लागली.

‘आप्पा, सगळी चूक माझीच हाय. तुमी मास्तरांचं स्थळ काढलं होतं. मीच हट्ट धरला. मला हेच पायजे होते. माझ्या हट्टापायी पोरीचं असं झालं. आत्या एवढं करतात, हे एवढे चांगले, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघू शकत न्हाई.’

तिचे डोळे कोरडे होते. ती गेले कित्येक महिने हेच घोकत असणार, हे मला तिच्या सुरावरून कळलं. घोकणं काय असतं ते मला ठाऊक आहे. मला वाटलं होतं की मी गप्प राहून फक्त स्वतःला वाचवतोय. ते तसं नव्हतं. माझा भार उचलायला कुणीतरी लागत होतं, आणि ती तो उचलून बसली होती.

मी म्हणालो, ‘तुझं रक्त मी तपासलं होतं.’

‘कवा?’

‘लग्नाआधी.’

‘हिमोग्लोबिन म्हणून नेलं होतं, त्यात?’

‘व्हय. तीनशे बारा होतं. रिपोर्ट जाळला मी.’

तिनं कप बाजूला सारला. मग तिनं विचारलं, ‘आणि ह्यांचं?’

‘त्याचं तपासलं न्हाई. पाय धुताना हाताला लागलं.’

तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. हात टेबलावर होते, ते कुठं ठेवावेत मला कळेना.

‘मग हात थांबला कसा न्हाई तुमचा?’

मी लग्न मोडलं असतं तर ही पोर जन्मालाच आली नसती, असंही कुणी म्हणेल. मी ते स्वतःला सांगून पाहिलंय. पण गुडघ्यांवरचे दाणे मोजून दाखवत पोर समोर उभी होती, त्यानंतरच्या दीड वर्षाचं काय? तेव्हा तर ती जन्मली होती. ते मी मुलीला बोललो नाही. तिनं विचारलंही नाही.

ती उठली. चहा तसाच. ‘उद्या सही करायला या,’ ती म्हणाली. ‘आईच्या कागदावर नवऱ्याची सही लागते. त्यापुढं माझ्यासमोर येऊ नका. आणि पोरीला काय सांगू नका. तिला तुमी आवडता.’

सोमवारी गेलो. खोलीत एक साहेब, एक डॉक्टर, कोपऱ्यात कॅमेरा. बायकोला विचारलं, ‘कुणाचा दबाव आहे का?’

‘न्हाई.’

‘तुमच्याही जिवाला धोका आहे, हे समजावलंय?’

‘समजावलंय.’

‘मग का देताय?’

‘माझी नात हाय. आणि माझ्याजवळ हाय म्हणून.’

मला विचारलं, ‘तुमची हरकत?’ मी नाही म्हणालो. साहेब म्हणाले, ‘आणखी काही सांगायचं असेल तर सांगा, रेकॉर्ड होतंय.’ बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं आणि पुन्हा ‘नाही’ म्हणालो. सही केली. बाहेर बाकावर येऊन बसलो, औषधांच्या दुकानातून वही आणि पेन घेतलं आणि हे लिहायला लागलो. आज बुधवार आहे.

आक्का आता गोळी घेते. मुलगी, जावई, दोघंही घेतात. ते नऊ वर्षांपूर्वीही घेऊ शकले असते.

उद्या सकाळी बायकोला आधी आत नेतील, दोन तासांनी पोरीला. डॉक्टरबाईंनी लपवलं नाही. पोरीचं हृदय एवढ्या वेळची भूल सोसेल का, हे त्यांनाही आत गेल्यावरच कळणार. बायकोनं दागिने काढून मुलीकडं दिलेत. मला वर येऊ देणार नाहीत. खाली पार्किंगमध्ये थांबा, काही लागलं तर बोलावू, असा निरोप मुलीनं जावयाच्या हाती पाठवलाय. निरोप सांगताना तो माझ्या तोंडाकडं न बघता बोलला, पण मामा म्हणाला. मी सहाला जाऊन थांबणार आहे.